नवतपा, कूलर आणि उशाशी पुस्तकं: लिहिणाऱ्याने उन्हाळा लोळून कसा काढायचा

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका भो, की या मे महिन्यात आपण कादंबरी पूर्ण करणार. जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर, धुळे, आपल्या खान्देशात कुठंही असा, पारा 44-45 च्या आसपास लटकलेला असतो, बारानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि अशात टेबलाशी बसून पानंच्या पानं लिहून काढतो म्हणणारा माणूस एकतर एसीवाला असतो नाहीतर थापा मारतो. त्यामुळे लिहायचं नाही. वाचायचं, ऐकायचं, बघायचं आणि मधेमधे झोपायचं. पण हेसुद्धा आपोआप होत नाही, जमवावं लागतं, नाहीतर आख्खा दिवस रील्स सरकवण्यात जातो आणि संध्याकाळी डोकं चढतं ते वेगळंच. मला विचाराल तर आपल्याकडचा आळस हा ऊन ठरवतं तसा करायचा असतो, कोणत्या वेळेला काय वाचायचं, काय ऐकायचं, हे घड्याळापेक्षा उन्हाच्या झळांना जास्त कळतं.

पुस्तकं मार्चमध्येच गोळा करून ठेवा, कारण एकदा एप्रिल तापला की लायब्ररीपर्यंत जायचासुद्धा कंटाळा येतो. जळगावात असाल तर व. वा. जिल्हा वाचनालय आहे, धुळ्यात गरुड वाचनालय आहे, आणि तालुक्याला, मोठ्या गावातसुद्धा एखादं अनुदानावर चालणारं वाचनालय असतंच, बाहेरून वाटतं की इथं फक्त पेपर वाचायला म्हातारे येतात, पण आत कपाटात काय काय पडलेलं असतं ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. एका कार्डावर एकावेळी एक-दोनच पुस्तकं देतात म्हणून आईच्या नाहीतर वहिनीच्या नावानेही एक कार्ड काढून घ्या, वर्गणी काही जड नसते. फक्त वेळ आधी विचारा, दुपारी बऱ्याच ठिकाणी कुलूप असतं आणि भर उन्हात कुलूप बघून परत येणं म्हणजे पुढचे चार दिवस पुस्तकाचं नाव नको वाटतं.

दुसरी जागा रद्दीवाला. जुने दिवाळी अंक किलोवर मिळतात, आणि उन्हाळ्याला दिवाळी अंकाइतकं चांगलं वाचन नाही हे माझं ठाम मत आहे. दहा-बारा पानांची कथा असते, झोप लागली तर लागली, उठल्यावर दुसरी सुरू करा, पहिलीचा शेवट काय झाला याने कोणाचं काही अडत नाही, आणि जुन्या जाहिराती तर लेखांपेक्षा मजेशीर असतात.

यादी मात्र करू नका. 'या उन्हाळ्यात वाचायची वीस पुस्तकं' असलं काही लिहून भिंतीला चिकटवलं की तो अभ्यास झाला. नुसता ढीग करा उशाशी. ढिगात एक जाडजूड असू द्या, एक कवितेचं, एक आधी वाचलेलं आणि आवडलेलं, आणि एक असं की जे वाचतोय हे कोणाला सांगायची लाज वाटावी, भुताखेताचं, खुनाचं, काहीही. जे हाताला लागेल ते उचलायचं. पन्नास पानांत मन लागलं नाही तर ढिगाच्या तळाशी सरकवून द्यायचं, लेखक काही घरी येऊन विचारत नाही.

आता कूलर. हा विषय साहित्यिक नाही पण याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला हवा आणि समोरचं दार किंवा दुसरी खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसती ओल साठते, अंग चिकचिक करतं आणि पुस्तकाची पानं फुगून लाटांसारखी होतात. जुनी पुस्तकं, त्यातही लायब्ररीची, कूलरच्या थेट झोतात कधीच ठेवू नका. उलट नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या नव्या पुस्तकांचं उन्हात भलतंच होतं, गच्चीवर नाहीतर गाडीच्या डिकीत राहिलं की डिंक सुटतो आणि अर्धं पुस्तक हातात, अर्धं खाली. कूलरचं गवत सीझनच्या सुरुवातीला बदला, टाकी सकाळीच भरून ठेवा, दुपारी नळाला पाणी असेलच याचा भरवसा आपल्याकडे कोणी द्यायचा नाही. खोली शक्यतो खालच्या मजल्यावरची, मधली घ्या. वरच्या मजल्यावरच्या खोलीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती गरमी सोडत बसतो, तिथं कूलर काय आणि एसी काय. गावाकडे जुनं धाब्याचं घर शाबूत असेल तर प्रश्नच मिटला, जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचं सपाट छत, म्हणजे धाबं, सरळ तिथंच गादी टाका.

सकाळ ही जाड पुस्तकाची. साडेपाचला उजाडायला लागतं, तेव्हा गच्चीवर जी हवा असते ती दिवसात परत मिळत नाही, म्हणून डोकं लावून वाचायचं ते आठ-साडेआठच्या आत उरका. नेमाडे वाचायचे तर आत्ताच. 'कोसला' 1963 साली आली तेव्हा माणूस पंचविशीत होता, आणि त्यांचं गाव सांगवी आपल्या यावल तालुक्यातलं, त्यामुळे कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्याहून गावाकडे येतो तेव्हा त्याला कुठलं ऊन लागत असेल हे पुण्यामुंबईच्या समीक्षकापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. शिवाय नेमाड्यांचा जन्म 27 मेचा, म्हणजे ऐन नवतप्यातला. 25 मेच्या आसपास सूर्य रोहिणीत जातो आणि नऊ दिवस नुसती भट्टी असते, त्यात जन्मलेला माणूस गोड गोड कसा लिहील, हे आपलं माझं म्हणणं, याला पुरावा वगैरे काही नाही. 'हिंदू' 2010 सालची, ती जाड आहे, ती एका उन्हाळ्यात संपवायचीच असा हट्ट धरू नका. रोज सकाळी जेवढी जाते तेवढी जाऊ द्या.

पण सकाळची गच्ची तुमच्या एकट्याची नसते हे लक्षात ठेवा. एप्रिल-मे म्हणजे बिबड्या, कुरडया, पापड. पहाटेपासून बायकांची धांदल असते, ज्वारीचा घाटा शिजतो, ओल्या कापडावर बिबड्या टाकल्या जातात, आणि घरात जो रिकामा दिसेल त्याला राखण करायला बसवतात. पुस्तक घेऊन बसलेला माणूस घरच्यांना रिकामाच दिसतो, तेव्हा कुरकुर करू नका, राखणीची ड्युटी आनंदाने घ्या. हातात काठी, कावळ्यांवर एक डोळा, आणि मांडीवर बहिणाबाई. या वेळेला बहिणाबाईच वाचायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. आसोद्याची ही बाई, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात, जात्यावर, घरकाम करता करता ओव्या जुळवायची आणि घरातल्यांनी कागदावर उतरवून घेतल्या म्हणून वाचल्या. 1951 मध्ये त्या गेल्या, मग मुलाने, सोपानदेवांनी, त्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. मनातल्या मनात वाचलं की अर्धी मजा जाते. मोठ्याने वाचा, आणि पापड लाटणाऱ्या एखाद्या आजीला मधेच बोलावंसं वाटलं तर थांबा, पुस्तक बाजूला ठेवा, त्यांना एखादा शब्द आपल्यापेक्षा चांगला माहीत असतो, एखादी ओवी थोडी वेगळी ऐकलेली असते. लेवा घरातली, म्हणजे बहिणाबाईंचीच बोली बोलणारी आजी असेल तर सोन्याहून पिवळं.

बारा ते तीन. जेवण झालं, आमरस झाला, आता पुस्तकाचं नाव काढू नका. आमरसानंतर पुस्तक उघडलं की ते तोंडावरच पडतं. ही वेळ गाण्याची, आणि इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शास्त्रीय संगीतात भर दुपारचे राग वेगळे आहेत, सारंग नावाचं सगळं कुटुंब, वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग, गौड सारंग. पण मैफली असतात संध्याकाळी आणि रात्री, त्यामुळे लोकांनी यमन शंभरदा ऐकलेला असतो आणि सारंग क्वचित. तर आपल्याकडे दुपारची सक्तीची सुट्टी असताना ती संधी का सोडायची? दारंखिडक्या लावून अंधार करा, जमिनीवर चटई टाका, आवाज बारीक ठेवा आणि वृंदावनी सारंग लावा. काही कळायची गरज नाही, राग ओळखायची स्पर्धा नाहीये. बाहेर उन्हाने पत्रे कडकड वाजतायत, आत तो सारंग, अर्ध्या तासात डोळा लागला तरी चालेल, लागावाच. तीन वाजायला आले की भीमपलास. इअरफोन कानात घालून मात्र झोपू नका, घामाने कान दुखतो आणि फोन अंगाखाली तापतो. साधा छोटा स्पीकर बरा, किंवा घरात जुना रेडिओ असेल तर आकाशवाणी जळगाव लावून ठेवा, पुढे काय लागणार हे आपल्या हातात नसण्यातही एक सुख असतं जे प्लेलिस्टमध्ये नाही.

तीन ते सहा पिक्चर. आता इथं दोन अडचणी, लाईट आणि कूलरचा आवाज. लाईट जाते, आणि बरोबर क्लायमॅक्सला जाते, म्हणून पिक्चर रात्रीच वायफायवर डाउनलोड करून ठेवा, पॉवर बँक चार्ज करा, आणि देखभाल-दुरुस्तीचा दिवस कोणता ते शेजाऱ्याला विचारून घ्या. कूलरच्या घरघरीत डायलॉग ऐकू येत नाहीत, त्यामुळे सबटायटल चालू ठेवा, मराठी पिक्चरला सुद्धा, लाज वाटायचं कारण नाही. थिएटरला जायचं तर बाराचा शो, एसीची तीन तासांची हवा तिकिटात वसूल होते, पण तालुक्याच्या गावांतली एकपडदा थिएटरं बरीच बंद पडलीत, तर जिथं चालू असेल तिथं पिक्चर कसाही असला तरी एकदा जाऊन या.

काय बघायचं यासाठी माझी एक युक्ती आहे, एकच धागा धरायचा आणि त्यावर पुस्तक, गाणी, सिनेमा तिन्ही ओवायचे. म्हणजे बघा, गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' कादंबरी. छोटी आहे, दोन सकाळींत होते. मग दुपारी त्या पिक्चरची गाणी, शब्द ना. धों. महानोरांचे, म्हणजे अजिंठ्याजवळच्या पळसखेडच्या माणसाचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. आणि तिसऱ्या दिवशी पिक्चर, 1977 चा, जब्बार पटेलांचा, त्यात मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. गोष्ट कर्नाळ्याकडच्या ठाकरांची, राणीमाशीच्या मागे लागलेल्या नाग्याची, खान्देशाचा त्यात काही संबंध नाही, पण शब्द महानोरांचे आणि स्मिता पाटील म्हणजे आपल्या शिरपूरच्या पाटलांची लेक, त्यामुळे आमच्याकडे तो घरचाच पिक्चर समजतात. तिथून धागा पुढे न्यायचा तर 'भूमिका', तोही स्मिता पाटीलचा आणि 1977 चाच, नटी हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरचा. इथं पुस्तक आधी वाचा. पुस्तकातली बाई जशी बोलते ते कानात बसलं की मग पिक्चरमध्ये काय घेतलं, काय सोडलं हे दिसायला लागतं, आणि लिहिणाऱ्याला त्याचा जेवढा फायदा होतो तेवढा लेखन कार्यशाळेत फी भरून होत नाही.

दुसरा धागा अत्र्यांचा. बहिणाबाईंचं पुस्तक आलं 1952 ला, आणि पुढच्याच वर्षी अत्र्यांचा 'श्यामची आई' पिक्चर, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पुस्तक साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, गोष्ट कोकणातली, पण गुरुजी त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला मास्तर होते, म्हणून आपला हक्क आहे. हा पिक्चर मामा-काकांच्या घोळक्यात बघू नका. प्रत्येकजण डोळ्यात कूलरचं पाणी उडालं म्हणतो.

आणि तिसरा, मला सगळ्यात लाडका, मालेगावचा. जिल्हा नाशिक असला तरी बोली आणि वागणं आपल्याच वेशीवरचं. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी माग बंद, आणि शुक्रवारी लोक पिक्चरला. तिथल्या नासिर शेख नावाच्या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने 2000 साली गावातल्याच लोकांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला आणि तिथून गावात पिक्चर बनवायचं वेडच सुरू झालं. फैजा अहमद खान यांची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंटरी आधी बघा, मग रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. उलट क्रमाने बघितलं तर डॉक्युमेंटरी फिकी वाटेल, आणि ती फिकी अजिबात नाहीये, सायकलीवर कॅमेरा लावून ट्रॉलीचं काम भागवणारी माणसं त्यात खरीखुरी आहेत. ज्यांना 'लिहायला चांगला लॅपटॉप नाही, निवांत खोली नाही' असं रडगाणं असतं त्यांनी तर ही दोनदा बघावी. मी कोणाचं नाव घेत नाही.

संध्याकाळी सहानंतर बाहेर पडा. दिवसभर खोलीत राहून माणूस आंबतो. आणि उन्हाळ्यातली खरी गाणी घरात नसतातच, ती आखाजीला असतात. वैशाखातली अक्षय तृतीया, आपली आखाजी, लेकी माहेराला आलेल्या, लिंबाच्या झाडाला झोके बांधलेले, घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलेलं, पुरणपोळ्या आणि आमरस, एका बाजूला पत्त्यांचे डाव आणि दुसऱ्या बाजूला गौराईची अहिराणी गाणी. त्या दिवशी पुस्तकबिस्तक नाही, मोबाईल खिशात, सरळ झोक्यांच्या जवळ जाऊन बसा. रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा, कोणाच्या सुनेचा व्हिडिओ न विचारता स्टेटसला टाकलात तर मार खाल आणि तो योग्यच असेल. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी मावशीला किंवा आत्याला चहाच्या वेळी तेच गाणं परत म्हणायला लावा, ती लाजेल, मला कुठं येतं म्हणेल, मग म्हणेल, आणि गावागावात ओळ कशी बदलते तेही सांगेल. ते लिहून घ्या. उन्हाळ्यात पेन उचलायची परवानगी एवढ्यापुरतीच.

नव्या अहिराणी गाण्यांकडेही नाक मुरडू नका. 'हाय झुमकावाली पोर' सगळ्या देशाच्या रील्सवर वाजलं आणि लग्नसराईत तर त्याच्याशिवाय वरात हलत नाही. आपले काही साहित्यिक मित्र म्हणतात की याने अहिराणीची लाज गेली. कशाची लाज भो? ज्या पोरांना शाळेत अहिराणी बोललं की मास्तर हसायचे त्यांची पोरं आज ती भाषा डीजेवर नाचतायत. वरातीत दुपारच्या उन्हात उभं राहायचं असेल तर मात्र डोक्याला उपरणं बांधा, आधी कैरीचं पन्हं प्या, आणि नवरदेवाच्या मित्रांच्या घोळक्यापासून लांब राहा.

रात्र धाब्यावरची. ऊन गेलं की लगेच गच्चीवर पाण्याच्या दोन बादल्या मारा, पहिली वाफ निघून जाऊ द्या, नवाच्या पुढे गाद्या टाका. दिवा लावून वाचायला जाऊ नका, पाखरं येतात आणि शेजारचे ओरडतात. पाठ असेल ते म्हणायचं, नसेल तर ऐकायचं. यासाठी बालकवी. धरणगावात जन्मलेले, आणि 5 मे 1918 ला, अवघ्या सत्तावीस वर्षांचे असताना, जळगावजवळ भादलीला रेल्वेखाली गेले. भर उन्हाळ्यात. त्यांची श्रावणाची कविता आपल्याला शाळेत जुलै-ऑगस्टमध्ये शिकवतात, तेव्हा बाहेर हिरवं असतंच, त्यामुळे तिचं काही वाटत नाही. ती मे महिन्यातल्या रात्री म्हणून बघा, अंगाखाली गादी तापलेली, वारा पडलेला, आणि तोंडात ते ऊन-पावसाचं वर्णन. या असल्या मुलखातून त्या माणसाने एवढं ओलं-हिरवं कुठून आणलं असेल असा प्रश्न पडतो, आणि तो पडू द्यावा.

काही बारीकसारीक. लहान पोरं सुट्टीला आलेली असतील तर ती दुपारी मोबाईल मागणारच, त्यांना देण्याऐवजी तोच पिक्चर एकत्र बघा किंवा रद्दीतले जुने किशोरचे अंक समोर टाका, निदान तासभर शांतता मिळते. पाहुण्यांनी 'सध्या काय लिहिणं चालूय' विचारलं तर 'वाचतोय' म्हणा, त्यांना तेवढं उत्तर पुरतं, त्यांना मुळात आमरस हवा असतो. डायरी ठेवायची तर शेताच्या हिशोबाची छोटी खिशातली वही ठेवा, त्यात ऐकलेलं वाक्य, एखादं नाव, कोणी कोणाला कशी शिवी दिली, बस. कथा सुचली तरी तिचा नुसता विषय टाका आणि कूस बदला, चांगली असेल तर जूनमध्ये परत येते, नाही आली तर समजायचं उन्हाने आलेली गुंगी होती.

आणि लायब्ररीची पुस्तकं 7 जूनच्या आत, म्हणजे मृग लागायच्या आधी परत करून टाका. मृगानंतर बियाण्याच्या दुकानाच्या रांगा लागतात, घरात कापसाच्या बियाण्याच्या पिशव्या आणि खताच्या गोण्या येऊन पडतात, त्याच्याखाली गेलेलं पुस्तक दिवाळीपर्यंत सापडत नाही आणि दंड आईच्या कार्डावर चढतो.